मेढ्याच्या बांधावरचा गुलाब

दुसऱ्याच्या जमिनीतलं रोप आणताना मी तीन गोष्टी पाळतो. मालकाला विचारायचं, कळ्या नसलेल्या फांद्याच घ्यायच्या आणि जगलेल्यांतलं एक रोप मालकाला परत द्यायचं. सांगलीत आमच्या घरामागे सतरा कुंड्या आहेत. त्यांतल्या अकरा अशाच भरल्या.

गेल्या जानेवारीत मेढा गावाजवळ एका बांधावर गावठी गुलाब दिसला. फिकट गुलाबी, आई गुलकंदाला वापरायची तोच. आमचा वाळून नऊ वर्षं झाली होती आणि एकाही नर्सरीत तो मिळाला नव्हता. आसपास कुणी नव्हतं. मी दीड तास थांबलो.

शेवटी डोक्यावर गवताचा भारा घेऊन एक आजी आल्या. शेत त्यांचंच होतं.

“कवापास्नं उभं हायसा?”

“दीड तास झाला. गुलाबाच्या चार काड्या हव्या होत्या.”

“आवं, मग तोडायच्या की! इचारायला कोण थांबतंय?” मग त्यांनी मावळतीकडे पाहिलं. “आता न्हाई. दिवं लागायची येळ झाली. झाडं निजली.”

आमच्या घरीही हे पाळतात. “बरं, सकाळी येतो,” मी म्हणालो.

“सकाळी कुठला गुलाब? बांध पुतण्याच्या वाटणीत गेला. उद्या जेसीबी लावून सपाट करणार हाय.”

बोलताना त्यांचा हात झाडावरच होता. मला पुढे काही मागवेना. त्यांनी डोक्यावरचा भारा खाली उतरवला. मग पाटातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी झाडावर शिंपडलं आणि खोड हलकेच हलवलं.

“उठ गं बाई. पाव्हणं आल्यात न्यायला.”

विळ्याने त्यांनी सहा काड्या कापल्या आणि माझ्या ओल्या रुमालात गुंडाळून दिल्या.

सहापैकी दोन जगल्या. जुलैत एक रोप घेऊन मी परत गेलो. बांधाच्या जागी भाताची लावण झाली होती. आजींनी पानं उलटीपालटी करून पाहिली.

“लय रोडावलंय. सांगलीत जेवायला घालत न्हाईत व्हय?”

मग घरामागे मोरीच्या पाण्यापाशी त्यांनी स्वतः खड्डा केला. “हितं कुणाची वाटणी न्हाई.”

मी आभार मानायला लागलो, तर त्यांनी रिकामं घमेलं माझ्या हातात दिलं.

“बोलत काय बसलायसा, पाव्हणं? शेणखत आणा.”