खिडकी उघडी, पंखा फिरतो

आमचा पुना नाना, माझा धाकटा भाऊ, बत्तीस वर्षं दीपनगरच्या वीजकेंद्रात ड्यूटी करून शिरपूरजवळ गावी परत आला, तो एकच विद्या घेऊन. बंद करण्याची. नळ, दिवा, मोटार, काम झालं की बंद. गिरधर म्हणजे त्याचा शेजारच्या वावरातला दोस्त. त्याच्या लेकीच्या लग्नात वरात मांडवाला लागली तसं नानाने बँडवाल्यांचं जनरेटर बंद केलं. वरात पोचली, आता कशाला, म्हणे. एका मयताच्या गंधमुक्तीला माणसं बसलेली असताना पंखे बंद केले, कारण रडून झालं होतं. माणूस वाईट नाही. हात वाईट.

यंदा वैशाखात वारा सुटला आणि नानाच्या केळीची नऊशे खोडं घडांसकट आडवी करून गेला. बागेला पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून वारा अडवायला शेवरीची ओळ आहे, पण विरळ झालेली. बियाणं एकच बाजू दाट करण्यापुरतं. नाना म्हणे पश्चिम, गिरधर म्हणे दक्षिण. केळीची नवी रोपं सोमवारी यायची होती. बाजू चुकली तर तीही आडवी.

नानाची नात दिपमाला इंजिनिअरिंगला आहे. तिने टेप धरून वावर मोजलं आणि कॉम्प्युटरमध्ये दुसरं वावर केलं. बांध, विहीर, मोटारीची खोली, शेवरीची झाडं, सगळं. त्यात वारा सोडून बघायचा प्रोग्राम बसवला. कॉम्प्युटरच्या पेटीत एक ग्राफिक्स कार्ड आहे, गावभरच्या मजुरांचं काम एकटं उरकणारं. पण त्याचं जावयासारखं आहे. ताट समोर असलं तरी कुणी 'घ्या' म्हटल्याशिवाय हात लावत नाही. प्रोग्रामला आधी एक ओळ लिहून सांगावं लागतं, कार्ड आहे, त्याला कामाला लाव. ती ओळ दिपमालाने चिठ्ठीवर लिहून दिली आणि परीक्षेसाठी होस्टेलला गेली.

मंगळवारपासून नानाने ती ओळ चार वेळा लिहिली. कॉम्प्युटरला हुकूम लिहायच्या काळ्या खिडकीत एका बोटाने टाइप करायचा, एंटर मारायचा. खिडकी तक्रार करायची नाही, म्हणजे तिला पटलं. सांगून झालं म्हणून नाना खिडकी बंद करायचा. मग पडद्यावरच्या प्रोग्रामच्या चित्रावर टिचकी मारून प्रोग्राम चालवायचा, आणि प्रोग्राम सांगायचा, अकरा दिवस लागतील. कार्ड थंडगार. मी म्हटलं, पेटीतला वारा येईपर्यंत खरा दोनदा येऊन जाईल.

शनिवारी सकाळी दिपमालाला फोन लावला. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, त्या खिडकीत सांगितलेलं त्या खिडकीपुरतंच असतं, ती मिटली की सांगणं पुसलं. तिच्यातूनच प्रोग्राम सुरू करा आणि संपेपर्यंत तिला हात लावू नका. कायमचं सांगायची जागा वेगळी आहे, पण तिथे पासवर्ड लागतो, आणि तो ती आजोबांना देणार नव्हती. तिथे बंद करण्यासारखं फार आहे, म्हणाली.

आठ वाजता नानाने तसं केलं. आता सहा तास असं आलं, कार्डाचा पंखा घरघरायला लागला. दहा मिनिटं गेली नाहीत तोच नानाचा हात खिडकी बंद करायच्या फुलीकडे निघाला. मी त्याला भुईमुगाच्या शेंगा फोडायला दिल्या. तो एका हाताने फोडू लागला, दुसरा निघाला.

मग मी विचारलं, दीपनगरला कसं जमायचं रे तुला? तिथलं यंत्र तर बंद करायचं नव्हतं.

"बदलीवाला येस नही तवलग खुर्ची सोडानी नही, अक्का. यंत्राले हात बी लावाना नही. चार्ज देवाना, वहीत सही करानी, मंगच घर."

मी दिपमालाची एक अर्धी कोरी वही शोधली आणि रेघा मारून त्याच्यापुढे ठेवली.

"ही तुनी शिफ्ट. अकरा वाजेपर्यंत. बदली मी."

नानाची पाठ ताठ झाली. आत जाऊन खाकी शर्ट घालून आला. नऊ वाजता वहीत नोंद केली, 'खिडकी उघडी. पंखा फिरतो.' दहा वाजता पुन्हा तीच. गिरधर बघायला आला तर त्याला कामावर नसलेली व्यक्ती म्हणून ओट्यावर बसवलं. अकराला मी हाताचं पीठ धुऊन चार्ज घेतला. मी दुसरीपर्यंत शिकलेली. माझ्या अक्षराला एवढी जबाबदारी कधी पडली नव्हती.

दोन वाजता पडद्यावर वारा आला, लाल आणि पिवळा. तो पश्चिमेकडून आला नाही आणि दक्षिणेकडूनही नाही. दोन्ही ओळी मिळतात त्या कोपऱ्यात दहा पावलांचं खिंडार आहे, तिथून शिरला आणि नऊशे खोडं पडली होती बरोबर तिथे पसरला. ते खिंडार नानानेच पाडलेलं. मोटार लवकर बंद करता यावी म्हणून स्टार्टरपर्यंत सरळ वाट काढली होती.

गिरधर ओट्यावरून आत येऊन शेंगा खात उभा राहिला. नाना पडद्याकडे बघत बसला.

"नळ, दिवा, मोटार, बठ्ठं बंद करं मी, अक्का," तो म्हणाला. "तठेच उघडं सोडं."

मी वहीत सही करून त्याला चार्ज परत दिला. त्याने लिहिलं, 'दोन वाजून वीस. वारा सापडला.' आणि मग खिडकी बंद केली, हळू, दोन्ही हातांनी.

सोमवारी खिंडारात शेवरी दाट पेरली, उरलेलं बियाणं गिरधरने नेलं. आता नानाला मोटारीकडे बांधाला वळसा घालून जावं लागतं. मोटार रोज पाच मिनिटं जास्त चालते, आणि तेवढी वाट तो समोर बंदचं बटण असल्यासारखं हवेतच बोट दाबत दाबत जातो.