क्वेसारच्या मागचा ढग

नामांतराच्या त्या वर्षांत परभणीत कुणी विद्यापीठाचं पूर्ण नाव घेत नसे. जुनं घ्या नाहीतर नवं, माणूस कुठल्या बाजूचा ते लगेच कळे. म्हणून सगळे नुसतं 'विद्यापीठ' म्हणत आणि म्हणताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत. मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो आणि स्वतःला या सगळ्यातून वेगळा समजत होतो. माझी नजर म्हणे आकाशात होती.

विद्यापीठात विज्ञान-निबंधाची स्पर्धा होती. प्रत्येक कॉलेजातून एकच नाव जायचं. विषय मी निवडला क्वेसार. हा फार लांबचा, भयंकर तेजस्वी दिवा. त्याच्या वाटेत एखादी दीर्घिका आली तर तिच्या वजनानं प्रकाश वाकतो, दोन वाटांनी आपल्याकडे येतो, आणि एकाच क्वेसारची दोन चित्रं दिसतात. दीर्घिकेभोवतीचा वायू एरवी दिसत नाही. पण त्यातून येताना प्रकाशातले ठरावीक रंग गिळले जातात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून कशातून काय गायब आहे ते ताडून बघायचं, की कुठल्या वाटेवर किती वायू आहे ते कळतं.

हे मी एका तासात माझ्या पद्धतीनं उरकलं. म्हणजे खिडकीबाहेर बघत नोट्स सांगायच्या आणि वर्गानं शब्दन् शब्द उतरवायचा.

निबंध दोनच आले. एक पेडगावच्या बागायतदार पाटलाच्या मुलाचा. तो फटफटीवर यायचा. दुसरा सेलूहून रोज पॅसेंजरनं येणाऱ्या मुलीचा. बौद्ध घरातली, वडील शाळामास्तर. परिच्छेदच्या परिच्छेद सारखे! आणि दोन्हींत एकच घोडचूक: 'हा वायू क्वेसारच्या मागे असतो.' दिव्याच्या मागे पडदा लावून दिवा झाकतो का कुठं? अशी चूक दोघांना आपापली सुचणं शक्यच नव्हतं.

मी भिंग काढलं. एकाची शाई निळी, एकीची काळी. यावरून काय सिद्ध होतं ते मला आजही ठाऊक नाही, पण टिपून मात्र ठेवलं.

स्टाफरूममधल्या सहकाऱ्यानं निकाल दिला, "पाटलाचं पोरगं कशाला कॉपी करंल? त्याला काय कमी हाय?"

मला ते पटलं. का पटलं, हे विचारायला भिंग लागलं नसतं. पण विचारलं नाही. स्पर्धेच्या फॉर्मवर मुलाचं नाव लिहिलं आणि मुलीला बोलावून घेतलं.

"कुणाचं बघून लिहिलंस?"

"कुणाचंच न्हाई, सर."

"मग हे त्याच्या निबंधात कसं?"

"त्ये त्याला इचारा की. तुमी त्याची वही बघितली का?"

"त्याची कशाला?" मी म्हणालो, आणि माझाच आवाज मला ऐकू आला.

मुलाला वहीसकट बोलावलं. दोन्ही वह्या टेबलावर शेजारी ठेवल्या. तिच्या वहीत सुरुवातीचा भाग नव्हता. त्या दिवशी पॅसेंजर लेट होती. त्याच्या वहीत मधल्या सात-आठ ओळी नव्हत्या. तो खिडकीशी बसायचा आणि शेजारच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला होता. बाकी सगळं अक्षरशः एक. आणि शेवटी, दोन्हींत, मागचा वायू.

"सर, तुमीच तसं सांगितलं की!" मुलगा मजेत म्हणाला.

सांगितलं होतं. आठवलं. खिडकीतून एक माणूस माझ्या सायकलीजवळ घुटमळताना दिसला होता. त्याच्यावर नजर ठेवता ठेवता मी वायू उचलून क्वेसारच्या मागे नेऊन ठेवला होता. माणूस सायकलीला टेकून बिडी ओढून निघून गेला. वायू तिथंच राहिला.

मुलीच्या वहीत त्या वाक्यापुढे पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह होतं. मुलाच्या वहीत नव्हतं.

"हे काय?"

"संशय आला होता, सर." ती वही मिटत म्हणाली. "पण तुमच्यावर कसा घ्यायचा?"

मी फॉर्मवरचं नाव खोडून तिचं लिहिलं. प्राचार्यांनी विचारलं, "ही खाडाखोड कुणाची?"

"माझीच."

ती स्पर्धेला गेली. शेवटचं वाक्य तिनं बदललं असणार. जाण्याआधी निबंध तपासायला मात्र तिनं माझ्याकडे आणला नाही, आणि मागायचं मला धाडस झालं नाही.