पाठीवरची अक्षरं

जालना एमआयडीसीत माझं बारदान्याचं दुकान आहे. बियाण्यांच्या कंपन्यांतून रिकामी पोती, पिशव्या घ्यायच्या, निवडायच्या आणि विकायच्या. भावात मला अजून कुणी हरवलेलं नाही. रागात तर नाहीच.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून कपडे डिझाइन करणारी एक मुलगी आली. गोदामाच्या तळाशी बियाण्याच्या जुन्या कापडी पिशव्या होत्या. आता सगळं प्लॅस्टिकमध्ये येतं, त्यांना कुणी विचारत नव्हतं. ही मात्र त्या छातीशी धरून उभी राहिली.

"मावशी, यांची जाकिटं करू. वर गोधडीचे टाके. आपलं कोलॅबरेशन."

"म्हणजे काय?"

"कापड तुमचं, टाके तुमच्याकडच्या बायकांचे, डिझाइन माझं. लेबलवर दोघींचं नाव."

"नावाचं नंतर बघू. आधी भाव बोल."

घासाघीस तीन चहांतच आटोपली. ती इतक्या लवकर कबूल झाली की मलाच संशय आला. तिची अट एकच होती. "ही छापील अक्षरं बरोबर पाठीवर आली पाहिजेत. तीच तर गंमत आहे."

गंमत हा शब्द मला लागला.

वडीगोद्रीजवळच्या एका गावात आमचं घर. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांची होते आणि थोरली बहीण अक्का चौदा. शाळेत जायला मला धड कपडा नव्हता, म्हणून तिने असल्याच पिशवीचा फ्रॉक शिवला. बियाण्याला औषध लावलेलं असे, त्यामुळे पिशवीवर मोठ्या निळ्या अक्षरात 'विषारी' छापलेलं. ते नेमकं माझ्या पाठीवर आलं. अक्काने राख लावून, दगडावर घासून ते काढायचा प्रयत्न केला. रोज सकाळी ती मला दारात उन्हात उभी करायची, खांदे धरून फिरवायची आणि पाठ बघून म्हणायची, "दिसत न्हाई. जा."

दिसत होतं. वर्गातल्या पोरांना नुकतंच वाचता यायला लागलं होतं. "ए विषारी, तिकडं सरक!" चौथीपर्यंत माझं नाव तेच राहिलं. त्यातला एकजण आता सोयाबीनसाठी पोती न्यायला माझ्याकडे येतो. त्याला मी एक रुपया सोडत नाही. ही बाई सगळ्यांशीच अशी वागते असं त्याला वाटतं. तेही खरंच आहे.

गोधडीचा टाका अक्कासारखा आमच्या भागात कुणाचा नाही. पिशव्या मी टेम्पोने तिच्याकडे गावाला पाठवल्या. माप, दोरा, तारीख सगळं फोनवर सांगितलं. अक्षरांचं तेवढं सांगितलं नाही. तिच्याजवळ तो विषय काढायला जीभच वळली नाही.

पंधरा दिवसांनी गेले, तर अंगणात दोरीवर पिशव्या बगळ्यासारख्या पांढऱ्या. ओट्यावर अक्का आणि शेजारच्या दोघी लाल दोऱ्याने टाके घालत बसलेल्या.

"अक्के! अक्षरं कुठंयत?"

"काढली की. चार दिस सोड्यात उकळून राह्यले व्हते. जल्दी निघंनात."

"तुला कुणी सांगितलं व्हतं? सगळा माल वाया घातला! असल्या पिशव्या आता मिळत्यात का कुठं?"

"आली माय जालन्याची शेटाणी," शेजारीण सुईत दोरा ओवत पुटपुटली. मी तिलाही सोडलं नाही. सौदा मोडला, माझा शब्द गेला, तुम्हाला अक्कल नाही, तोंडाला येईल ते बोलले.

अक्काने हात पदराला पुसले. सोड्याने बोटांची पेरं फुटली होती.

"कुणाच्या तरी पाठीवर जाणार नं ते जाकीट," ती म्हणाली. "मंग त्या लेकराला कुणी..."

मी ओट्यावर तिच्याशेजारी बसले. बराच वेळ मला तिच्या हातांकडे बघता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याची मुलगी माल बघायला गावालाच आली. "मावशी, अक्षरांशिवाय ही नुसती गोधडी आहे," ती हिरमुसून म्हणाली. पांढराच माल कसा भारी आहे हे तिच्या गळी उतरवणं मला जड नव्हतं. पण मी तिला फ्रॉकची गोष्ट सांगितली. तिने टाक्यांवरून हळूच हात फिरवला. तिचीही अडचण होती, गिऱ्हाइकांना तिने अक्षरांचेच फोटो दाखवले होते. गठ्ठ्याच्या तळाशी न उकळलेल्या तीन पिशव्या सापडल्या. तेवढ्यांचीच जाकिटं तिने शिवून घेतली. बायकांची मजुरी मी पूर्ण दिली, भाव न करता. त्यांनाही संशय आला.

एक पांढरं जाकीट मी स्वतःसाठी ठेवलं. निघायच्या सकाळी थंडी होती. अक्कानेच ते माझ्या अंगात घातलं, मला दारात उन्हात नेलं आणि खांदे धरून फिरवलं. तिला आता कमी दिसतं. जाकीट मी आधीच उलटून पाहिलं होतं, पाठीवर निळसर 'वि' तेवढा राहिला होता.

"दिसत न्हाई," ती म्हणाली. "जा."

मी तेच घालून दुकानावर गेले.