बुडणाऱ्या गलबताभोवती

चेंदणी कोळीवाड्यातला सहदेव वागळे इस्टेटमधल्या एका लहानशा कंपनीत संगणकाचे प्रोग्रॅम लिहीत असे. पोटासाठी खाडीवर न जाणारा घरातला तो पहिलाच. शहाण्णव साली त्याची उमेदवारी संपत आली, आणि त्याला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे एका खेळावर ठरणार होतं. खाडीत मराठ्यांची नि पोर्तुगीजांची गलबतं लढतात, असा तो खेळ. मराठ्यांकडून माणूस खेळणार, पोर्तुगीजांकडून संगणक.

खेळ छान चाले आणि मध्येच बिघडे. मराठ्यांचं गलबत गोळा लागून कललं की शत्रूची गलबतं लढाई सोडून त्याच्याभोवती गोळा होत आणि नुसती उभी राहत.

"अरे, हे लढायला आलेत की हळदीला?" कंपनीचे मालक आनंदसाहेब म्हणाले. मग आवाज उतरला. "उद्या सकाळी खेळ बघायला पाहुणे येतायत, सहदेव. त्यांच्यासमोर असं झालं तर तुला मी ठेवू शकणार नाही रे."

सहदेवने तोफांचं गणित तपासलं, वाऱ्याचं तपासलं. कुठंच चूक नव्हती. संध्याकाळी तो तसाच घरी आला.

घरात आई, शेवंती, भांडी आपटत होती. वडील, भिवाजी, चिंब भिजून आलेले.

"लावलेलं जाळं टाकून गेला बघ तुझा बाप! कोणासाठी? त्या काळुरामसाठी! आपल्या जाळ्याचे खुंट उपटलेले ना त्याने?"

"त्याच्या होडीत पाणी भरलेलं," भिवाजी म्हणाला.

"भरू दे की मग!"

"शेवंते, भांडण काठावर. बुडती होडी कोणाची, ते बघत बसतात होय?"

सहदेवच्या हातातला घास हातातच राहिला. होडी अडचणीत आली की जवळच्यांनी तिकडे जावं, हा नियम खेळात त्यानेच लिहिला होता. होडी कोणाची, हे तपासायचं त्याला सुचलंच नव्हतं.

सकाळी त्याने अट घातली, की गलबत आपल्या बाजूचं असेल तरच जावं. आता शत्रूची सगळी गलबतं आपल्याच जखमी गलबताकडे धावू लागली, आणि चुटकीसरशी हरू लागली.

"काढून टाक तो नियमच," आनंदसाहेब दारातून म्हणाले. "पाहुणे खाली आलेत."

सहदेवने बोट बटणावर ठेवलं, पण नियम पुसवेना. घाईघाईने त्याने एवढंच बदललं, की सर्वांत जवळच्या एकाने जावं, बाकीच्यांनी लढावं. चालवून बघायला वेळच उरला नाही.

पाहुणे खेळायला बसले. त्यांच्या तोफेचा गोळा लागून एक पोर्तुगीज गलबत कललं. रांगेतून एक गलबत वळलं.

"हे एकटं कुठं निघालं?" पाहुण्यांनी विचारलं.

आनंदसाहेबांनी सहदेवकडे पाहिलं.

"मदतीला, साहेब," सहदेव पाहुण्यांना म्हणाला.

"म्हणजे आयतंच सावज!" पाहुण्यांनी सगळ्या तोफा तिकडे वळवल्या. तेवढ्यात बाकीच्या गलबतांनी त्यांना पाठीमागून गाठलं.

"अरेच्चा, फसलो की!" ते हसले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

"झालास कायम," आनंदसाहेब त्याच्या कानाशी पुटपुटले.

सहदेवने मान हलवली, पण नजर पडद्यावरून काढली नाही. ते एकटं गलबत अजून पोचलं नव्हतं.