चुलतभावाकडे होता तो माइक

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, जेवणं आटपून सगळं घर पडवीत लवंडलं की गजाली सांगायचं काम माझं. हे काम मला कोणी दिलेलं नाही. वीसेक वर्षांपूर्वी मी ते आपणहून घेतलं आणि नंतर कोणी मागितलं नाही, म्हणून परत केलं नाही. शाळेत मी भूगोल शिकवतो, त्यामुळे ऐकणाऱ्यांना झोप आली तरी बोलत राहायची सवय आहे.

त्या वर्षी मी लोडाला टेकून घसा खाकरला, तेवढ्यात मुंबईहून आलेली पुतणी म्हणाली, "काका, एक मिनिट, आधी हे ऐका." तिने फोन मधोमध ठेवला आणि त्यातून माझा चुलतभाऊ बोलू लागला.

हा चुलतभाऊ देवगडला असतो. आंब्याची बाग आहे, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, आणि लहानपणी त्याला एक वाक्य धड पुरं करता येत नसे. त्याची वाक्यं मीच पुरी करायचो. त्याने घरातच एक स्टुडिओ केला होता आणि तो गजाली रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकत होता, हे मला माहीत होतं. खुशाल टाको. पण त्या दुपारी तो सांगत होता ती गजाल माझ्या वडिलांची होती.

गजाल तशी एवढीशी. वडील आंब्याची एक पेटी घेऊन खारेपाटणला एका सोयऱ्याकडे निघाले होते. तळेऱ्याला गाडी थांबली, ते चहाला उतरले, आणि परत येऊन भलत्याच गाडीत बसले. पेटी खारेपाटणला पोचली, वडील विजयदुर्गाला. संध्याकाळी घरी आल्यावर आई काही बोलायच्या आत ते म्हणाले, "आंबो पोचलो मां? मगे झाला तर."

सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणं दिसलं असतं.

गजाल माझी, मांडणी माझी, वडील तर माझेच. मग त्याच्यात असं काय होतं? आवाज. तो फोनमधून येत होता तरी कानाशी बसून बोलल्यासारखा वाटत होता. मला उरलेली चतुर्थी गोड लागली नाही. गौरी येईपर्यंत माझा निष्कर्ष पक्का झाला होता: हे यंत्राचं काम आहे. माझ्याकडेही यंत्र असतं तर लोकांना कळलं असतं, वडिलांची गजाल सांगायची कोणी.

पुढचा महिनाभर मी सहामाहीचे पेपर बाजूला ठेवून अभ्यास केला. कमी पैशात घरगुती स्टुडिओ करायचा तर फार काही लागत नाही, असं कळलं. कॉम्प्युटर होता. एक माइक, त्याचा आवाज कॉम्प्युटरला समजावून सांगणारी एक डबी, कान झाकणारे हेडफोन आणि एक स्टँड. पडवीच्या लाद्यांसाठी ठेवलेल्या पैशांत हे बसत होतं. बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "घेवा. लाद्यो काय, आमच्या पायांका सवय झाली हा."

कणकवलीच्या दुकानदाराने मला आधी घराबद्दलच विचारलं.

"घर कौलारू काय स्लॅबचा?"

"कौलारू."

"आणि दर्या?"

"आसा. माडांच्या पलीकडे."

त्याने एक काळा, दणकट, स्वस्तातला माइक पुढे सरकवला. "मगे ह्यो घेवा. तोंड जवळ न्हेल्याशिवाय ह्यो कोणाचाच ऐकणा नाय. तुमच्या घराक ह्योच बरो. पैसे उरतले ते हेडफोनात घाला."

शहाणा माणूस. पण मी विचारलं, "देवगडच्या आमच्या भावान खंयचो घेतलो?"

त्याने काचेच्या कपाटातल्या रुपेरी माइककडे बोट दाखवलं. "तो. पण सर, तेंनी खोली बांधून घेतली हा. तो माइक मुंगी चालली तरी ऐकता."

"माका तोच होयो," मी म्हटलं. माझ्या मुंग्या त्याच्या मुंग्यांपेक्षा कमी का असाव्यात?

घरी आणून जोडला, हेडफोन कानाला लावले आणि आमचं घर काय चीज आहे ते मला पन्नाशीत कळलं. दर्या, कावळे, शेजारची पाण्याची मोटर, कौलावरून सरपटणारं माडाचं झाप, कुकरच्या शिट्ट्या, आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी वडिलांची गजाल सांगणारा एक मास्तर. मी दुपारी प्रयत्न केला, पहाटे केला, कपाटात तोंड घालून केला. बायको कपाटाशी येऊन म्हणाली, "साडयेंका सांगतास? तेंनी ऐकलेली हा ती."

शेवटी दिवाळीनंतर अक्कल आली ती आंब्यामुळेच. आंबे पिकत घालायची आमची एक खोली आहे, मागच्या बाजूची, बिनखिडकीची. हंगाम सोडून ती रिकामीच असते. भात नुकतं झोडून झालं होतं, नवं गवत होतं. आंब्याच्या रिकाम्या पेट्या मी गवताने गच्च भरल्या आणि भिंतींना लावून वरपर्यंत रचल्या, दाराला वाकळ टांगली. आत जाऊन टाळी वाजवली. टाळी जिथल्या तिथे विझली. देवगडला खोली बांधायला गवंडी लागला असेल. मला एकही नाही. हे त्याला कसं कळवावं, याचा मी बराच वेळ विचार करत होतो.

आवाज आता खरोखर चांगला येत होता. आणि गजाल मात्र मेलेली. आमच्याकडे सांगणाऱ्यासमोर कोणीतरी हुंकार द्यायला बसतं. "हूं" आलं की गाडी पुढे जाते. मी जिथे तिथे थांबत होतो आणि पेट्या काही हूं म्हणत नव्हत्या. चुलतभावाचं रेकॉर्डिंग नव्या हेडफोनवर पुन्हा ऐकलं, तर त्याच्या मागे अगदी बारीक "हूं… हूं" चाललेलं. माझी काकी. त्याने आपल्या आईला शेजारी बसवलं होतं. हे माझ्या डोक्यात का आलं नाही, म्हणून मला आणखी दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग मी बायकोला बसवलं. ती कुळीथ निवडायला घेऊन आली. ते मी बाहेर ठेवायला लावले. गजाल सुरू झाली. ती हूं देत होती, नेमकं, जागच्या जागी. तळेरं आलं, चहा आला. "आणि बाबा चुकून दुसऱ्याच गाडयेत बसले," मी म्हटलं.

"चुकून खंय?" ती म्हणाली. "बसल्याबरोबर तेंका कळला, गाडी आपली न्हय म्हणान. पण खिडकेची जागा गावलेली. उठूचा जीवार इला. म्हणाले, जावंदे, विजयदुर्ग बघून खूप वर्सां झाली."

मी थांबलो. माइक सुरूच होता. "ह्या तुका कोणी सांगला?"

"मामांजींनीच."

संध्याकाळी मी एकटा कॉम्प्युटरसमोर बसलो. पडद्यावरच्या रेघांत तिचं बोलणं वेगळं दिसत होतं. दोन बाजूंनी कापलं की गेलं, एवढं मला आता येत होतं. कापलं असतं तर गजाल पुन्हा माझी झाली असती. पण मग ती चुलतभावाकडे होती तेवढीच राहिली असती. खिडकीची जागा त्याच्याकडे नव्हती. हा विचार करून, म्हणजे अगदी शुद्ध मत्सराने, मी ती ठेवली आणि घरच्या ग्रुपवर पाठवली.

पुतणीचं उत्तर लगेच आलं: "काकी कमाल आहे, काकीला अजून सांगायला लावा." त्याखाली बाराजणांनी माझ्या बायकोला हात जोडले होते. मग देवगडहून फोन आला.

"दादा, आवाज बरो लागलो हा," चुलतभाऊ म्हणाला. मी वाट पाहिली. "आणि आयक, वयनीक चार दिवस हडे देवगडाक धाड मरे. काकांच्यो आणखी गजाली तिका ठावक असतले."

मी बघू म्हटलं आणि फोन ठेवला.

बायको आता पडवीत कुळीथ घेऊन बसली होती. मी तिच्यासमोर बसलो. इतकी वर्षं मी ती गजाल सांगत आलो. वडील असताना त्यांच्यासमोरही सांगितली आहे आणि ते गालात हसत ऐकत असत.

"बाबांनी ता तुका कित्याक सांगला? माका कित्याक नाय?"

तिने एक खडा वेचून अंगणात टाकला.

"तुमकाच सांगूक इले होते," ती म्हणाली. "तुमी तेंकाच तेंची गजाल सांगूक लागलास."