‘घरी येऊन राहिलो’ म्हणजे काय

माझी जीभ तिखट आहे हे झाडीपट्टीतल्या आमच्या अख्ख्या गोरेगावाला माहीत आहे. बावीस वर्षं शाळेत इंग्रजी आणि मराठी शिकवलं. आता परदेशी अडकलेल्या मजुरांच्या तक्रारी इंग्रजीत करून देते, घरी बसून. पगार नाही, मान नाही, पण भांडायला भरपूर मिळतं.

गेल्या वर्षी बाजाराच्या दिवशी नवेगाव बांधकडची एक बाई एसटीनं आली आणि बसायच्या आधीच तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. तिचा नवरा आखातात सेंट्रिंगच्या कामावर गेलेला. करार संपला तरी मालक पासपोर्ट देईना. व्हिसा संपायला अठरा दिवस उरलेले. त्यानंतर तो तिथं बेकायदा ठरणार, म्हणजे पासपोर्ट दाबला मालकानं आणि कैद व्हायची याला. त्यानं एका मदत-केंद्राला फोन केला, मराठीचं बटन दाबून तक्रार सांगितली. आता बायकोच्या मोबाइलवर उत्तर आलं होतं: मजूर घरी परतला असल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे.

"बाई, हे म्हन्तेत का माहा मानूस घरी आला," ती म्हणाली. "मंग मले काऊन दिसून नाही राहिला?"

मी हसले. सांगायला लाज वाटते, पण हसले. मग केंद्राकडून मूळ जबाब मागवला आणि डोकंच फिरलं. तो फोनवर बोलला ते कोणीतरी इमानदारीनं जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं: ‘मी पासपोर्ट मागून राहिलो. मालक नाही म्हणून राहिला. करार संपला, मी घरी येऊन राहिलो.’

आमच्या झाडीपट्टीतल्या शेंबड्या पोरालाही कळेल. मागतोय, तो नाही म्हणतोय, मी घरी यायला निघालोय. पण इंग्रजी भाषांतर झालं पुण्यात, आणि तिथल्या मुलीनं लिहिलं की हा माणूस घरी आला आणि आता घरीच राहतो.

पुण्याला फोन लावला. मुलगी आवाजानं फार गोड, त्यानं माझा राग आणखीच चढला.

"पण मॅडम, मूळ मराठीतच ‘घरी येऊन राहिलो’ आहे ना? मी माझ्या मनाचं काहीच घातलेलं नाही."

"अगं माझे आई, मी आत्ता तुझ्याशी बोलून राहिले, म्हणजे काय बोलणं झाल्यावर तुझ्या घरी मुक्कामाला राहिले?"

तिनं ते वाक्य स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिलं. मग हळूच, "अरे बापरे. म्हणजे तो अजून तिथेच आहे?"

"हो. बापरेच."

तिला तरी किती बोलणार! बावीस वर्षं मीच पोरांच्या वह्यांत ‘करून राहिलो’ दिसलं की लाल पेनानं कापत होते. समासात ‘अशुद्ध’ लिहीत होते. ही तुझी भाषा आहे रे, पुण्याच्या माणसाला कळावं म्हणून दुसरी शिकून ठेव, एवढं एकाही पोराला सांगितलं नाही. ते आठवलं आणि माझा मलाच संताप आला.

केंद्र म्हणालं, बंद तक्रार उघडायची तर तो घरी नाही याचा पुरावा द्या. आम्ही दोघी तिच्या गावच्या ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक भला माणूस. डोकं खाजवत म्हणाला, "रहिवासी दाखला देतो ना मॅडम. ‘सदर इसम या गावात राहतो’ म्हणून."

"अहो दादा, तेच तर नको आहे!"

नसल्याचा दाखला त्याच्याकडे नव्हता. ही बाई त्याच्या टेबलावर हात आपटून म्हणाली, "ते घरी असते तं मी इथं कायले आली असती? एवढंच लिहून द्या ना!" तेही त्याला लिहिता येईना.

शेवटी मीच दोन पानं लिहिली. पहिल्या पानावर आमचं ‘राहणे’ समजावून दिलं, उदाहरणांसकट. दुसऱ्यावर कायदा. पासपोर्ट मजुराचा असतो, मालकानं ठेवायचा नसतो, हे त्या देशाच्याच कायद्यात आहे. आणि परदेशी मजुराला समजेल त्या भाषेत त्याच्याशी व्यवहार झाला पाहिजे, हे आंतरराष्ट्रीय करारात आहे. लोक मला म्हणतात, बाई, असले करार कागदावरच राहतात. राहू द्या की! कागदावर आहेत म्हणून तर मला त्यावर बोट ठेवता येतं. मी ठेवलं, आणि चांगलं दाबून ठेवलं.

या सगळ्यात बारा दिवस गेले, पण तक्रार उघडली. आखातातल्या कामगार खात्याचा अधिकारी फोनवर जबाब घेणार होता. त्याला इंग्रजी येत होतं, मजुराला येत नव्हतं, म्हणून मधे दुभाषी मी. व्हिसाचे सहा दिवस उरलेले. माझ्या टेबलावर फोन, शेजारच्या खुर्चीत बायको.

"बाई, तुमीच सांगून द्या ना," तो तिकडून म्हणाला. "मले साहेबासमोर बोलता नाही येत."

"मी नाही सांगणार. तक्रार तुझी आहे भाऊ. तू बोल, मी नुसतं पोचवते."

मग तो बोलला. आधी अडखळत, नंतर धडाधडा. मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत गेले आणि खरं सांगते, मला मजा येत होती. अधिकारी शेवटी म्हणाला, ठीक आहे, याचा पासपोर्ट उद्याच मागवतो. आणखी काही सांगायचंय?

"हो साहेब," तो म्हणाला. "माहा एकल्याचा नका मागवू. मालकाच्या त्याच कपाटात आमचे चौदा जनांचे आहेत. साऱ्यांचे काढा."

मी थांबले. एकाचं काम उद्या होत होतं. चौदांचं म्हणजे चौकशी, मालकाचा वकील, तारीख, आणि हातात सहा दिवस. ते वाक्य गाळलं असतं तर कोणाला कळणार होतं? ‘काही नाही, आभार मानतोय,’ एवढं म्हटलं असतं की हा परवा विमानात. ते शब्द माझ्या जिभेवर आलेच होते.

बायकोनं सगळं ऐकलं होतं. नवरा तिचा, दिवस मोजत होती तीच. माझ्याकडे रोखून बघत म्हणाली, "थांबल्या काऊन बाई? ते जसं म्हनून राहिले तसं सांगा ना."

सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

चौकशी बसली. पाच दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सहाव्या दिवशी सकाळी ते कपाट उघडलं, चौदाच्या चौदा पासपोर्ट बाहेर आले, आणि त्याच संध्याकाळी तो विमानात बसला.

घरी आल्यावर दोघं मला भेटायला आले, तळ्यातले मासे घेऊन. मी माझ्या स्वभावाप्रमाणे आधी त्याला झापलं. "अरे, एक दिवस उशीर झाला असता तर तू आत गेला असतास! आधी स्वतः निघायचं, मग बाकीच्यांचं सांगायचं. एवढी अक्कल नको?"

तो शरमून हसला. "मंग कोन सांगतं बाई? त्यात कोनी नेपाळचे, कोनी ओडिशाचे. त्यायनं बी त्या केंद्राले फोन केले होते. त्यांची बोली समजनारं तिकडं कोनीच नव्हतं."