बिनखिशाच्या पँटी

धाकट्या भावाने माझा अगदी अंत पाहिलाय. मी शिवणकाम करते. दहा वर्षं डोकंफोड करून त्याला हातशिलाई शिकवली, पण पठ्ठ्याचा एक टाका कधी सरळ पडला नाही. पुढे नशेच्या गोळ्यांच्या नादी लागला. गोळ्या लपवतो म्हणून मी त्याच्या सगळ्या पँटींचे खिसेच शिवून टाकले. म्हटलं, ठेव आता कुठे ठेवतोस ते!

काल इस्त्री करताना त्याच्या पँटच्या खालच्या दुमडीत काहीतरी लागलं. उसवून पाहिलं, तर चार गोळ्या. आणि टाके? मलाही जमू नयेत इतके बारीक, एकसारखे.

"मेल्या, हेच आधी का नाही जमलं?"

"पाच होत्या, ताई. एक आधी घ्यावी लागली. त्याशिवाय हात थरथरायचे थांबेनात."